एक धनी आणि सहा संघ

२०२५ सालच्या डिसेंबर महिन्यांत वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठावर एक बातमी आली होती. ती पुष्कळांच्या नजरेंतून निसटली असण्याचा संभव आहे. 'मुंबई सिटी' या फुटबॉल-संघांत ज्या परदेशी कंपनीचा शंभरांत पासष्ट हिस्सा होता, तिनें तो हिस्सा सोडून दिला आणि संघ त्याच्या मूळच्या दोन धन्यांच्या, म्हणजे नट रणबीर कपूर व बिमल पारेख यांच्या, हातीं परत गेला. ज्या लीगमध्यें हा संघ खेळतो तिच्या भवितव्याची शाश्वती उरलेली नाहीं, असें कारण सांगण्यांत आलें. आणि आपल्या देशांतील फुटबॉलची त्या वेळची दैना पाहतां तें कारण खोटें होतें असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. मँचेस्टरचा नामांकित संघ, न्यूयॉर्कचा, मेलबर्नचा, स्पेनमधील जिरोनाचा, असे दहाबारा संघ या एकाच कंपनीच्या वहींत मांडलेले आहेत. त्या वहींतून मुंबईचें पान फाडून काढण्यांत आलें. वही शाबूत राहिली.

आम्हांस या बातमीनें जो विचार सुचला तो मुंबईविषयींचा नव्हता. वीस वर्षांपूर्वीं अमेरिकेंत पाहिलेल्या एका संघाची आम्हांस आठवण झाली. ती सांगण्यापूर्वीं आमच्या पूर्वग्रहाची कल्पना वाचकांस दिलेली बरी. आम्हांस फुटबॉलचें वेड लाविलें तें कोल्हापुरानें. तेथें संघ तालमीचा असतो आणि तालीम पेठेची असते. पाटाकडील तालीम व खंडोबा तालीम यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला म्हणजे शहराचे जणूं दोन भाग पडतात. एरवीं एका ताटांत जेवणारे मेहुणे त्या दिवशीं एकमेकांशीं मोजकें बोलतात. संघाचा धनी कोण, हा प्रश्न तेथें कोणास सुचत नाहीं. कोणा धनाढ्य शेटजीनें दोन्ही तालमी विकत घेतल्या तर काय होईल, अशी कल्पनाही आम्हीं लहानपणीं कधीं केली नव्हती. आणि आज ती केली तर एवढेंच दिसतें कीं, दुसऱ्या दिवशीं स्टेडियम ओस पडेल. १९२१ सालीं बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं मिळून 'संयुक्त मानापमान' केलें, तेव्हां त्या प्रयोगास सारी मुंबई लोटली. कां लोटली? गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्या खरोखर दोन होत्या म्हणून. त्या दोन्ही एकाच सावकाराच्या असत्या, तर तो एक चांगला प्रयोग झाला असता. त्याहून अधिक कांहीं नाहीं.

आतां अमेरिकेकडे वळूं. त्या देशांत फुटबॉल या नांवानें निराळाच खेळ चालतो, आणि आपण ज्यास फुटबॉल म्हणतों त्यास तेथें सॉकर म्हणतात, हें सर्वश्रुत आहे. १९९४ सालीं जागतिक स्पर्धा तेथें भरली आणि त्यानंतर दोन वर्षांनीं, १९९६ मध्यें, दहा संघांची 'मेजर लीग सॉकर' सुरू झाली. तिची घटना मोठी चमत्कारिक आहे. लीग हीच एक कंपनी. खेळाडूंचे करार संघाशीं होत नसून लीगशीं होतात. आणि ज्यास आपण संघाचा मालक म्हणतों तो कायद्याच्या दृष्टीनें लीगचा भागीदार व एका संघाचा चालक असतो. आमच्या श्रमाचा भाव अशा रीतीनें दाबला जातो, अशी खेळाडूंनीं १९९७ सालीं फिर्याद केली. परंतु २००० च्या अखेरीस ज्यूरीनें आणि पुढें २००२ मध्यें वरिष्ठ न्यायालयानेंही लीगच्याच बाजूनें निकाल दिला. असो. कायद्याचा हा तपशील एवढ्यासाठींच सांगितला कीं, ज्या घरांत मुळांतच सर्वांची चूल एक, त्या घरांत एका भावानें दोन खोल्या वापरल्या तर कोणास विशेष वाटत नाहीं.

आणि तशी वेळही लवकरच आली. पहिल्या वर्षीं सामन्यास सरासरी सतरा हजारांवर प्रेक्षक येत. २००० सालापर्यंत तो आंकडा चौदा हजारांच्या खालीं घसरला. पैसा पाण्यासारखा जात होता. २००२ च्या जानेवारींत फ्लॉरिडांतील टँपा बे व मायामी हे दोन संघ बंद करण्यांत आले. उरलेले दहा कोणी चालवावयाचे हा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर तीन माणसांनीं दिलें. २००३ च्या सुमारास स्थिती अशी होती कीं, लॉस एंजेलिस, शिकागो, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क-न्यूजर्सी, कोलोरॅडो आणि सॅन होजे हे सहा संघ डेन्व्हरचे धनिक फिलिप अँशुट्झ यांच्याकडे. कोलंबस, कॅन्सस सिटी व डॅलस हे तीन लामार हंट यांच्याकडे. आणि बोस्टनजवळचा एक संघ रॉबर्ट क्राफ्ट यांच्याकडे. सबंध लीग तीन घरांत मावली!

या तिघांस, विशेषतः पहिल्या दोघांस, दूषण देणें फार सोपें आहे. आम्ही तें देणार नाहीं. हंट हे तेलाच्या पैशांवर वाढलेले गृहस्थ खरे, पण त्यांस खेळाचें खरें प्रेम होतें. १९९९ सालीं कोलंबस येथें त्यांनीं या लीगमधील संघासाठीं म्हणून बांधलेलें पहिलें मैदान उभें केलें. तोंवर बहुतेक संघ त्या दुसऱ्या, अमेरिकन फुटबॉलच्या, अवाढव्य मैदानांत भाड्यानें खेळत, आणि साठसत्तर हजारांच्या जागेंत दहाबारा हजार माणसें बसलीं म्हणजे बारशाला आलेले लोक लग्नाच्या मांडवांत विखुरल्यासारखे दिसत. अँशुट्झ यांच्या कंपनीनें २००३ सालीं लॉस एंजेलिसजवळ कार्सन येथें सत्तावीस हजारांचें सुंदर मैदान बांधलें. हीं माणसें त्या वेळीं हात झटकून निघून गेलीं असतीं, तर आज ती लीग नसतीच, हें त्यांच्या शत्रूसही कबूल करावें लागेल. ज्यानें दुष्काळांत सहा कुटुंबें पोसलीं त्यास 'सहाच कां पोसलीं' असें विचारणें शोभत नाहीं. परंतु ज्यानें पोसलें त्याच्या हातीं त्या कुटुंबांचें काय काय गेलें, हें पाहण्यास कांहीं हरकत नाहीं.

सॅन होजे हें शहर आपल्या लोकांस अपरिचित नाहीं. कॅलिफोर्नियाच्या त्या भागांत संगणकाच्या कारखान्यांत कामास गेलेल्या मराठी कुटुंबांची संख्या एवढी आहे कीं, गणेशोत्सवांत तेथें आरतीला उभें राहावयास जागा मिळत नाहीं. आमचा भाचा कोल्हापूरचा. तो शेजारच्या सनीव्हेल गांवीं राहत असे. २००५ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही त्याच्याकडे गेलों असतां तो आम्हांस व आपल्या दहा वर्षांच्या मुलास घेऊन विद्यापीठाच्या स्पार्टन स्टेडियमवर सामना पाहावयास गेला. तेथील संघाचें नांव 'अर्थक्वेक्स', म्हणजे भूकंप. ज्या गांवाखालून भूकंपाची रेषा जाते त्या गांवानें आपल्या संघास हेंच नांव द्यावें, यांत एक प्रकारचा विनोदी धीटपणा आहे. मैदान अरुंद, प्रेक्षक थोडे पण तोंडाळ. सामना लॉस एंजेलिसच्या 'गॅलेक्सी'शीं होता, आणि त्या संघांत लँडन डोनोव्हन नांवाचा तरुण खेळाडू होता; त्याच्या पायाशीं चेंडू आला कीं सारें मैदान हेटाळणीनें दुमदुमून जाई. कारण हा तरुण चार हंगाम सॅन होजेचाच होता. त्याच्याच बळावर २००१ व २००३ सालीं सॅन होजेनें अजिंक्यपद मिळविलें होतें. २००५ च्या आरंभीं तो जर्मनींतील आपल्या मूळ संघाकडे परत गेला, तेथें रमला नाहीं, आणि दोनतीन महिन्यांत अमेरिकेंत परतला. परंतु परतला तो लॉस एंजेलिसच्या पोशाखांत.

हें सारें नियमानुसार झालें होतें, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. परदेशांतून परत येणाऱ्या नामवंत खेळाडूवर पहिला हक्क कोणाचा, याचा लीगमध्यें एक क्रम असे. त्या क्रमांत डॅलस पहिला होता. लॉस एंजेलिसनें आपला उत्तम गोलंदाज (क्रिकेटमधला नव्हे, गोल करणारा) कार्लोस रुईझ डॅलसला देऊन तो क्रम मिळविला. कायद्यानें बोट ठेवावयास जागा नाहीं. तरी प्रेक्षकांच्या मनांत कांहीं बोचत होतें, आणि तें काय हें आमच्या नातवानें, म्हणजे भाच्याच्या मुलानें, मध्यंतरांत आम्हांस विचारिलें.

"आबा, हे दोन्ही संघ एकाच माणसाचे आहेत असें बाबा म्हणतात. मग तो टाळी कधीं वाजवतो?"

आम्हीं म्हटलें, "दोन्ही वेळां वाजवीत असेल."

मुलगा थोडा वेळ चणे खात बसला. (चणे आम्हीं हिंदुस्थानांतून नेले होते, तेथील खाद्यपदार्थांवर आमचा विश्वास नव्हता.) मग तो म्हणाला, "म्हणजे तो हरतो कधीं?"

या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आमच्यापाशीं नव्हतें. पुढें पुष्कळ वाचून व विचार करून जें सुचलें तें असें.

एकाच्या हातीं दोन संघ असले म्हणजे सामने लटके होतील, एक दुसऱ्यास मुद्दाम जिंकूं देईल, अशी शंका कोणासही प्रथम येते. आमच्या मतें ही शंका बहुतांशीं व्यर्थ आहे, आणि तीस पुरावा याच दोन संघांचा आहे. २००३ सालीं लॉस एंजेलिस व सॅन होजे यांची बाद फेरींत गांठ पडली. दोन सामन्यांच्या गोलांची बेरीज करून निकाल ठरावयाचा होता. पहिला सामना लॉस एंजेलिसनें दोन गोलांनीं जिंकला. दुसऱ्यांत स्पार्टन स्टेडियमवर त्यांनीं आरंभींच आणखी दोन केले. चार गोलांची पिछाडी! तेथून सॅन होजेनें एकामागून एक चार गोल फेडले आणि वाढीव वेळेंत पांचवा करून सामना मारला. असा पराक्रम त्या लीगच्या इतिहासांत अपूर्व मानला जातो. ज्या अकरा जणांनीं तो केला त्यांस आपला धनी कोण याचें त्या घटकेस भान असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. त्या वर्षींचा अंतिम सामना सॅन होजे आणि शिकागो यांच्यांत झाला. दोन्ही संघ त्याच घरचे, मैदानही त्याच घरचें. सॅन होजेनें चार विरुद्ध दोन असा तो जिंकला, आणि तो खोटा होता असें आजवर कोणीं म्हटलेलें नाहीं. खेळाडू हा आपल्या पायाशीं आणि आपल्या गांवाशीं इमानी राहतो. धन्याच्या वहीशीं त्याचा संबंध फारसा नसतो.

मग बाधा कोठें होते? ती गवतावर होत नाहीं; ती कचेरींत होते. ज्याचा संघ एकच, त्याच्या दृष्टीनें हरणें म्हणजे हरणें. रविवारीं संघ हरला तर सोमवारीं त्यास गांवांत तोंड दाखवावें लागतें. परंतु ज्याचे दोन्ही बाजूंस संघ, तो मैदानावर कधींच हरत नाहीं. हरण्याची त्याची जागा एकच, आणि ती म्हणजे जमाखर्च. अर्थात् त्याचें सारें लक्ष त्या एकाच जागेवर राहावें, यांत त्याच्या स्वभावाचा दोष नाहीं. त्या स्थितीचाच तो धर्म आहे. सहा गांवांचा इनामदार पुण्यास राहतो. त्यास गांवांची नांवें पाठ असतात, पण पाऊस कोठें पडला हें तो वसुलावरून ओळखतो. त्यांतून एखादें गांव वसूल देत नसेल, तर तें विकून दुसरें घ्यावें असें त्याच्या कारभाऱ्यानें सुचविलें, तर त्यास राग येत नाहीं. गांवांत जन्मलेल्या पाटलास येतो.

२००५ च्या हंगामांत सॅन होजेनें काय केलें तें पाहा. बत्तीस सामन्यांपैकीं अठरा जिंकले, दहा बरोबरींत सोडविले, अवघे चार गमावले. चौसष्ट गुणांसह लीगमध्यें पहिलें स्थान मिळविलें. बाद फेरींत गांठ पडली ती पुन्हा लॉस एंजेलिसशीं, आणि या वेळीं मात्र सॅन होजे हरलें. लॉस एंजेलिसनें पुढें जाऊन त्या वर्षींचें अजिंक्यपद घेतलें. त्यानंतर, १५ डिसेंबर २००५ रोजीं, जाहीर झालें कीं सॅन होजेचा संघ टेक्सास प्रांतांतील ह्यूस्टन येथें हलविण्यांत येत आहे. शिक्षक डॉमिनिक किनिअर गेले, खेळाडू गेले, सगळा बाडबिस्तरा गेला.

कारण काय? तर सॅन होजेमध्यें संघासाठीं स्वतंत्र मैदान बांधण्याचा व्यवहार जमेना. विद्यापीठाच्या मैदानांत भाड्यानें किती दिवस राहावयाचें? येथवर कारण पटण्याजोगें आहे. परंतु ह्यूस्टनला गेल्यावर हा संघ कोठें खेळूं लागला? तर तेथील विद्यापीठाच्या मैदानांत, भाड्यानें! स्वतःचें मैदान त्यास २०१२ पर्यंत मिळालें नाहीं. म्हणजे सहा वर्षें जें हाल सॅन होजेमध्यें असह्य होते तेच ह्यूस्टनमध्यें सह्य झाले. आम्हांस यांत दुष्टावा दिसत नाहीं. ह्यूस्टन मोठें शहर, तेथें मैदान होण्याची आशा अधिक, आणि ती अखेर खरीही ठरली. परंतु एक प्रश्न मनांतून जात नाहीं. ज्या धन्याचा दुसरा संघ त्याच प्रांतांत, नव्या मैदानांत, अजिंक्यपदाचा चषक घेऊन बसलेला नसता, त्यानें हाच निर्णय इतक्या थंड डोक्यानें घेतला असता काय? कॅलिफोर्नियांत त्याचें दुकान चालूच होतें. एक शाखा उठवून दुसरीकडे नेली, एवढेंच.

सॅन होजेच्या लोकांनीं अगोदरपासून सभा भरविल्या होत्या, वर्गण्या गोळा केल्या होत्या, नगरपालिकेचे उंबरे झिजविले होते. त्यांच्या पदरांत लीगनें एक चमत्कारिक दान टाकलें: संघाचें नांव, त्याचे रंग आणि त्यानें मिळविलेलीं दोन अजिंक्यपदें सॅन होजेच्याच नांवें राहतील, पुढेंमागें नवा संघ झाला तर तो त्यांचा वारस. माणसें गेलीं, कुलवृत्तांत राहिला. ह्यूस्टनकरांनीं आपल्या संघास प्रथम '१८३६' असें नांव ठेविलें. त्या सालीं टेक्सास मेक्सिकोपासून फुटून निघालें, आणि त्या शहरांत मेक्सिकन वंशाचे लोक थोडेथोडके नाहींत! ओरड झाली आणि तें बदलून 'डायनॅमो' करावें लागलें. दूरच्या कचेरींतून गांवाचें बारसें केलें म्हणजे असें होतें. तथापि संघ उत्तमच होता: २००६ व २००७ अशीं लागोपाठ दोन वर्षें तो अजिंक्य ठरला. तीं दोन वर्षें सॅन होजेच्या लोकांनीं कशीं काढलीं असतील हें आमच्या भाच्याच्या पत्रांवरून आम्हांस थोडें कळे. मुलानें सामने पाहणें सोडून दिलें होतें. २००८ मध्यें दुसऱ्या धन्याच्या हाताखालीं सॅन होजेला नवा संघ मिळाला आणि २०१५ मध्यें विमानतळाजवळ अठरा हजारांचें स्वतःचें मैदानही. म्हणजे मैदान तेथें होणें अगदींच अशक्य होतें असेंही नाहीं; दहा वर्षें थांबणारा माणूस पाहिजे होता.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. लीगला बरे दिवस आले तसतसे सहा संघांचे धनी एकेक संघ विकूं लागले: कोलोरॅडो, न्यूयॉर्क, मग २००७ मध्यें वॉशिंग्टन व शिकागो. ह्यूस्टनचा अर्धा हिस्सा २००८ मध्यें गेला, अर्धा राहिला. या उरलेल्या अर्ध्यानें एक मौज घडविली. २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षीं अंतिम सामना लॉस एंजेलिस व ह्यूस्टन यांच्यांतच झाला, आणि दोन्ही वेळां कार्सनच्या त्याच मैदानावर. एका बाजूस पूर्ण मालकी, दुसऱ्या बाजूस निम्मी, आणि पायाखालचें गवतही आपलेंच! २०११ चा एकमेव गोल डोनोव्हननें केला. दोन्ही चषक लॉस एंजेलिसला गेले. सामने चुरशीचे व निर्मळ झाले. आमच्या नातवानें विचारलेल्या टाळीचा प्रश्न मात्र तेथें दोन वर्षें लागोपाठ, हजारों लोकांदेखत, उघडा पडला होता. अखेर २०१५ च्या डिसेंबरांत ह्यूस्टनचा राहिलेला हिस्साही विकण्यांत आला, आणि त्या लीगमध्यें एका धन्याचे दोन संघ असण्याचा काळ संपला.

युरोपांत या प्रश्नाचा विचार निराळ्या बाजूनें झाला. १९९८ च्या वसंतांत तेथील एका स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरींतील आठ संघांपैकीं तीन, इटलीचा विचेंझा, ग्रीसचा एईके अथेन्स व प्रागचा स्लाव्हिया, एकाच इंग्रज कंपनीच्या ताब्यांत आढळले. युरोपीय संघटना खडबडून जागी झाली आणि तिनें नियम केला कीं, एकाच्या नियंत्रणाखालील दोन संघ एका स्पर्धेंत उतरूं शकणार नाहींत. कंपनीच्या संघांनीं दाद मागितली. लोझानच्या क्रीडा-न्यायासनानें १९९९ च्या ऑगस्टांत नियम उचलून धरला. त्या निकालाचा भर खऱ्या लबाडीपेक्षां लबाडीच्या संशयावर आहे: प्रेक्षकास शंका येऊं शकते एवढेंच नियमास पुरेसें कारण होय. तत्त्व उत्तम, अंमल मात्र पुष्कळदां कागदी. २०१८ मध्यें एकाच पेयाच्या कंपनीनें पोसलेले लाइपत्सिग व साल्झबुर्ग एकाच गटांत समोरासमोर उभे राहिले, कारण कागदोपत्रीं त्यांचा संबंध पुरेसा तुटला असें ठरलें होतें. याउलट २०२५ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसनें मँचेस्टर सिटीसारख्या बलाढ्य संघास हरवून इंग्लंडचा सुप्रसिद्ध चषक जिंकला. त्या संघाच्या शतकाहून अधिक आयुष्यांतील हा पहिलाच मोठा विजय. पण त्यांच्या एका भागीदाराच्या हातीं फ्रान्समधील ल्यों संघाचीही सूत्रें होतीं, म्हणून त्यांस कमावलेल्या स्पर्धेंतून काढून खालच्या स्पर्धेंत ढकलण्यांत आलें. हक्क मैदानावर मिळाला आणि कचेरींत गेला. नियम चुकीचा नव्हे. पण दंड झाला तो धन्यास नव्हे. उपनगरी रेल्वेनें येऊन पिढ्यान्पिढ्या त्या संघासाठीं घसा बसविणाऱ्या लोकांस झाला.

शिवाय हा नियम गवताचें रक्षण करतो; कचेरीचें करीत नाहीं. सॅन होजेवर जें आलें तें त्यानें टळलें नसतें. तें टाळण्याचें साधन निराळें आहे, आणि त्याचा दाखला, योगायोगानें, हंट यांच्या कोलंबसनेंच दिला. हंट २००६ मध्यें वारले. त्यांच्या कुटुंबानें २०१३ मध्यें तो संघ विकला. नव्या धन्याकडे दुसरा संघ नव्हता, तरी २०१७ मध्यें त्यानें संघ टेक्सासमधील ऑस्टिन येथें नेण्याचा घाट घातला. (म्हणजे एकच संघ असलेला धनी देवमाणूस असतो असें नाहीं, हें आम्हांसही कळतें.) परंतु ओहायो प्रांतांत १९९६ सालचा एक कायदा होता, सार्वजनिक पैशाचा लाभ घेतलेल्या संघास गांव सोडावयाचें असेल तर सहा महिने आगाऊ सूचना द्यावी आणि स्थानिक लोकांस तो विकत घेण्याची संधी द्यावी, असें तो सांगतो. त्या कायद्याच्या आधारें सरकार न्यायालयांत गेलें, लोकांनीं रस्ते दणाणून सोडले, स्थानिक धनिक पुढें आले, संघ राहिला. २०२० मध्यें तो अजिंक्य झाला.

मुंबईस असा कायदा नाहीं आणि, खरें सांगावयाचें तर, रस्ते दणाणून सोडणारे लोकही थोडे. परदेशी कंपनीनें येथें जें केलें तें आम्ही कमी लेखीत नाहीं. २०१९ च्या नोव्हेंबरांत ती आली. पुढील वर्षीं गोव्याच्या संघाचे शिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईकडे आले आणि त्यांच्यामागून मंदार राव देसाईंसारखे तेथील कांहीं मोहरेही. साथीमुळें तो सारा हंगाम गोव्यांतच खेळला गेला, आणि मार्च २०२१ मध्यें फातोर्ड्याच्या मैदानावर मुंबईनें शेवटच्या क्षणीं बिपिन सिंगच्या गोलानें मोहन बागानच्या संघास हरवून अजिंक्यपद घेतलें. २०२२ मध्यें आशियाच्या मोठ्या स्पर्धेंत इराकच्या संघावर मिळविलेला विजय हा त्या स्पर्धेंतील कोणाही भारतीय संघाचा पहिलाच. २०२४ मध्यें पुन्हां चषक. साडेपांच-सहा वर्षांत इतकें यश त्या संघास त्याआधीं स्वप्नांतही दिसलें नव्हतें. पैसा होता, शिस्त होती, शास्त्र होतें.

आणि तरीही लीगवर आभाळ फाटलें तेव्हां जो निर्णय झाला तो दूर मँचेस्टरांत झाला. जिरोना, न्यूयॉर्क, मेलबर्न यांच्या रकान्यांशेजारीं मुंबईचा रकाना ठेवून, सावकाशपणें, बहुधा कोणाविषयींही आकस न ठेवतां. सॅन होजेच्या मानानें आपण सुदैवी. संघ गांवांतच राहिला, नांव राहिलें, आकाशी पोशाख राहिला. तो तर त्या कंपनीच्या येण्याआधींपासूनच आपला होता.

आमचा नातू आतां तिशीचा आहे. नव्या मैदानावर त्याची जागा राखून ठेवलेली असते. मुंबईची बातमी आम्हीं त्यास कळविली, तेव्हां त्यानें उलट विचारलें कीं, ज्या दोघांकडे संघ परत आला त्यांचे आणखी किती संघ आहेत. फुटबॉलचा दुसरा संघ त्यांच्याकडे असल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं, असें आम्हीं लिहिलें. लीगचें काय व्हावयाचें तें होवो. पण अंधेरीच्या मैदानावर मुंबई ज्या दिवशीं हरेल, त्या दिवशीं त्यांच्या घरांत दुसरा कोणी जिंकलेला नसेल.